किल्ली आणि कमान

"बाराच्या आत रोमन लोकांची कमान दाखवतो, तीही कोणाला रस्ता न विचारता," गाडी सुरू करताना मोंजी सासूबाईंना म्हणाला. "विचारला, तर गाडीची किल्ली कायमची सुआदची."

मागे बसलेल्या सुआदने कान टवकारले. गाडी चालवण्याचा परवाना तिने लग्नाआधीच काढला होता, पण किल्ली मात्र नवऱ्याच्या खिशातून कधी बाहेर आली नव्हती.

तेच ऑलिव्हचं बन तिसऱ्यांदा आलं, तेव्हा पुढे बसलेल्या सासूबाईंनी, म्हणजे हज्जांनी, काच खाली केली.

"आई, पैज लागलीय," मोंजी कळवळला.

"तुम्ही गप्प बसा. मी विचारतेय."

बशीर नावाच्या मेंढपाळाने प्रश्न ऐकला आणि मेंढ्या भावाच्या गळ्यात टाकून तो सरळ गाडीत शिरला. "सांगून कळायचं नाही. दाखवतो."

आमच्याकडे वाटसरूला "माहीत नाही" म्हणणं म्हणजे गावाची अब्रू घालवणं. पुढच्या वळणावर बशीरला आठवलं, की रस्ता खरा ठाऊक आहे तो मेहुण्याला. मेहुणा आला. त्याला मामा आठवला. मामा अंजिरांची टोपली घेऊन डिकीत बसला. एवढा लवाजमा घेऊन गाडी कशीबशी चढ चढली आणि माथ्यावर मान टाकून बंद पडली.

"पुढे उतारच आहे. ढकलली की होईल सुरू," मामा म्हणाला. "मी बसतो स्टिअरिंगवर."

"माझ्या गाडीला परका हात लागणार नाही," मोंजी म्हणाला.

"मग तुम्ही बसा."

"आणि ढकलणार कोण? तुम्ही तिघे काडीपैलवान!"

सुआद पुढे येऊन स्टिअरिंगवर बसली. चौघांनी जोर लावला. गाडी घरंगळली, खोकली, गुरगुरली आणि हज्जांना घेऊन जी सुटली, ती मागे धुरळाच उरला.

"थांब!" म्हणत मोंजी धावला. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीची पाठ दिसत होती. खाली रस्त्याला दोन फाटे फुटले होते. जमीन खडकाळ, त्यामुळे चाकाची खूणही नव्हती. मोंजी कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला. अंजिरं खात तिघे आरामात मागून आले.

मोंजीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बशीरभाऊ, कमान कुठल्या बाजूला?"

"सांगून कळायचं नाही. चला."

कमानीच्या बरोब्बर मधोमध गाडी धडधडत उभी होती. सहलीला आलेले लोक तिच्याभोवती फोटो काढत होते. स्टिअरिंगवर बसलेली सुआद इतकी खूश होती, की त्या दगडी कमानीकडे कोणी बघेना.

"बारा वाजायचेत अजून, जावईबापू," हज्जा म्हणाल्या. "कोणाला विचारलं तर नाहीत ना?"

मोंजी तोंड उघडणार, एवढ्यात बशीर छाती फुगवून पुढे झाला. "मला विचारलं की. नाहीतर पोचते कसे?"

सुआदने उतरून डिकीचं दार उघडून दिलं. "या, मामांच्या शेजारी जागा आहे," ती म्हणाली.