बिराप्पाचं पथ्य

पथ्य सुटलं म्हणून डॉक्टरांचे पाय धरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला. माझ्या शेजारच्याच खाटेवर.

मी इस्पितळात कसा पोचलो ते आधी सांगून टाकतो. भिंतीवर पत्रक चिकटवताना शिडी घसरली आणि पाय मोडला. पोलिसांनी पाडलं असतं तर मानानं सांगितलं असतं. पण शिडी आमच्याच घरची होती, सरकारवर ढकलायची सोय नव्हती. पायाला वजन टांगून मला उताणा निजवलं होतं. मान वळेल तेवढंच जग. ती उजवीकडे वळे, आणि उजवीकडे बिराप्पा होता.

बिराप्पा धनगर. साठीचा, उन्हात वाळलेल्या दोरीसारखा. मुदतीच्या तापातून उठलेला. आतडी नाजूक झाली म्हणून त्याला फक्त दूध आणि तांदळाची पेज सांगितली होती. इस्पितळातून खायला मिळे ते असल्या पथ्याच्या माणसांनाच. बाकीच्यांचं घरून येई. दुपार झाली की सगळीकडे फडकी सुटत, कडक भाकरी मोडल्याचा आवाज होई, आणि शेंगांच्या चटणीचा वास औषधांच्या वासाला हरवून टाकी.

त्या वेळी बिराप्पा भिंतीकडे तोंड करून बसे आणि पटक्याचा सोगा नाकाला लावी.

"वास घेतला तर पथ्य मोडतंय का, सायेब?" असं त्यानं डॉक्टरांना खरोखर विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, नाही मोडत. तरी सोगा नाकावरच. पथ्याच्या बाबतीत तो डॉक्टरांच्याही पुढे होता. इस्पितळाच्या दुधावर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. "ह्या म्हशीनं लई पानी पिलंय," असं रोज म्हणायचा आणि रोज शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा.

एका सकाळी तर त्यानं दूध परत केलं. सिस्टर घाबरली, तिनं डॉक्टरांना बोलावलं.

"काय झालं बिराप्पा?"

"सायेब, चूक झाली. भाकरी खाल्ली."

"कुणी दिली?"

"म्हातारीनं. सपनात."

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला. "किती खाल्लीस?"

"दीड. दुसरी सपायच्या आत ह्या बाईनं उठिवलं." आणि त्यानं सिस्टरकडे असं पाहिलं की तिलाच अपराधी वाटलं असावं.

समोरच्या खाटेवर नरसय्या नावाचा विणकर होता. त्याच्यासाठी रोज दोन्ही वेळा घरची माणसं येत, आणि पोट भरलं की त्याला करमणूक लागे.

"काय धनगरमामा, तुमची म्हातारी सपनातच येते काय? खरी कधी येणार?"

"पथ्य हाय न्हवं? येऊन करंल काय? मोकळ्या हातानं येनाऱ्यातली न्हाई ती. पथ्य सुटलं की भाकरी घिऊनच येनार. तसं ठरलंय आमचं."

हे तो इतक्या ठामपणे सांगे की नरसय्याही आपल्या डब्याकडे वळे. मग बिराप्पा आपल्याशीच बोलल्यासारखा मला सांगे, म्हातारीची भाकरी कशी असते ते. तीन दगडांची चूल, वारा असेल तिकडे पाठ करून बसलेली त्याची बायको म्हाकूबाई, थोडी जाडच भाकरी, कडेला राख लागलेली. "राख झाडून खायची न्हाई. राखंनंच गोडी येती." मी पत्रकं वाचून वाढलेला माणूस. भुकेवर मी पुष्कळ लिहिलं होतं. पण भाकरीवर इतकं चांगलं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग तो दिवस आला. डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सुटलास! उद्यापासून भाकरी खा. घरून मागव."

सगळ्यांनी ऐकलं. नरसय्यानं टाळीसुद्धा वाजवली. बिराप्पानं मात्र वाकून डॉक्टरांचे पाय धरले. "सायेब, आनी थोडं दिस ऱ्हाऊ द्या की. पोटात अजून दुकतंय."

"कुठं दुखतंय?"

त्यानं पोटावर तीन ठिकाणी बोट ठेवलं. तिन्ही ठिकाणं डॉक्टरांनी दाबली. चौथं त्याला सापडेना.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दुपारी शुक्रवार पेठेतून माझी आई डबा घेऊन आली. तिनं भाकरी, चटणी पुढे केली. "घ्या दादा. पथ्य सुटलं म्हणे."

"न्हाई आक्का. मी अजून पाळतोय."

मला राग आला. माझ्या मनात लख्ख आलं की हा जातीचा घोळ आहे. आमच्या हातचं याला चालत नाही! मी उताणा पडल्यापडल्याच सुरू झालो. एका ताटात जेवल्याखेरीज माणूस माणसाचा होणार नाही, ज्या धर्माला भाकरीचा विटाळ होतो तो धर्म चुलीत घाला, असं बरंच काही. आवाज चढला तसा टांगलेला पायही हलू लागला.

"झालं का भाषण?" नरसय्या म्हणाला. "मग ती चटणी इकडं दे. मला कसलाच धर्म नाही."

सगळे हसले. बिराप्पा हसला नाही. तो आईकडे वळून हळू बोलला.

"जातीचं काय न्हाई आक्का. तुमची भाकरी घेतली, की म्हातारी आली न्हाई ह्ये समद्यांस्नी दिसंल. दुदावर हुतो तवर कुनी इचारत नव्हतं."

"निरोप धाडला का तिला?"

"कुटं धाडू? कुंभारीच्या शिवारात खतासाटनं मेंढरं बसवली हुती तवा मला ताप भरला. गाडीत घालून हितं आनलं. पोरं म्हनली, फुडची शेतं सांगून ठिवलीत, मोहोळाकडं जायाला पायजे. मेंढरं थांबत न्हाईत आक्का. ती जाताना म्हनली, पथ्य सुटलं की सांगावा धाडा, भाकरी घिऊन येते. आज कंच्या शेतात तळ हाय, मला तरी कुटं ठाव?"

मी काहीतरी बोलणार होतो. आई म्हणाली, "तू गप."

तिनं भाकरी वाटीत कुस्करली, सिस्टरकडून घोटभर दूध मागून तीवर ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी आता पथ्याची कुस्करलेली भाकरी सांगितलीय. इस्पितळाच्या दुधातलीच आहे. टाकायची नाही."

बिराप्पानं वाटी घेतली. भिंतीकडे न वळता, सगळ्यांच्या समोर, फार सावकाश खाल्ली. शेवटी बोटं चाटत म्हणाला, "ग्वाड हाय. पर राख न्हाई लागली."

तेव्हापासून रोज त्याचं असलं पथ्य आमच्या घरून जातं. मी आता काठी घेऊन घरी आलो आहे. तो अजून तिथेच आहे. त्याला हिंडण्याइतकं बळ नाही, आणि न्यायला कुणी येत नाही.

आजवर मी प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचकांना काहीतरी करायला सांगितलं आहे. परदेशी कापड जाळा, दारू सोडा, देवळं उघडा. किती जणांनी केलं कोण जाणे. आजचं मागणं लहान आहे. तुमच्यापैकी कुणी मोहोळाच्या वाटेनं जाणार असाल आणि एखाद्या शेतात मेंढरांचा तळ दिसला, तर गाडीचे बैल थांबवा. म्हाकूबाई कोण ते विचारा. तिला सांगा, म्हातारा उठून बसतो, आणि तुझ्याशिवाय त्याचं जेवण होत नाही.