आहेस का रे?

पाटणकरकाकांचा मेसेज कधीही येतो आणि त्यात एवढंच असतं: "आहेस का रे?" आपण "आहे" म्हणायचं. पुढे काही नाही.

शेजारच्या टेबलावरचा पांडे वैतागतो. "चाचा, सामने बैठा हूँ, दिख नहीं रहा?"

"दिख तो रहे हो, बोले कहाँ?"

काका आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळतात. मंगला गौरीच्या देवळापाशी एकटे राहतात, घराणं घाटावरच्या भटजींचं. मी रेल्वेतल्या खलाशाचा, म्हणजे हरकाम्या मजुराचा मुलगा. घरात कॉलेज केलेला मी पहिला, डिग्रीची फ्रेम दारातून आत येताच दिसते. पण काकांनी त्या दिवशी जे केलं, ते मी कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं.

ऑनलाइन प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस. सर्व्हर जवळपास रिकामा बसलेला, तरी नवीन कुणाला आत घेईना. मी म्हटलं, बंद करून चालू करतो.

"खबरदार! आत पोरं अर्ज भरतायत. सगळी बाहेर फेकली जातील."

त्यांनी जोडण्यांची यादी पडद्यावर घेतली. कोण कुठून जोडलेलं, सर्व्हरचा कुठला थ्रेड, म्हणजे कामकरी, कुणाला धरून, कोण केव्हाचं गप्प.

"घाटावर बघ, बरेच भटजी, प्रत्येकाचा यजमान वेगळा. तसे हे थ्रेड. आता यातले कितीतरी यजमान न सांगता उठून गेलेत. कुणाची लाईट गेली, कुणाचं नेटवर्क. आणि आमचे भटजी बसलेत संकल्पासाठी हात पुढे करून! नव्या यजमानाला बसवणार कोण?"

मग एकेका गप्प जोडणीला हळूच विचारणा गेली. जिचं उत्तर आलं, तिला हात लावला नाही. जिथून काहीच आलं नाही, तेवढीच सोडवली. भरणाऱ्या एकाही पोराचा अर्ज तुटला नाही, आणि बाहेरची पोरं आत येऊ लागली.

"काका, हे तुम्हाला सुचतं कसं?"

ते चष्मा पुसत राहिले. "एकदा सकाळी आई शेजारच्या खोलीत होती. मी चहा झाकून ठेवला. गार झाला, परत गरम केला. हाक नाही मारली. म्हटलं, झोपू दे." चष्मा चढवला. "न सांगता गेलेलं माणूस आणि गप्प बसलेलं माणूस, इकडून सारखंच दिसतं रे. विचारावं लागतं."

संध्याकाळी घरी चप्पल काढता काढता मला वाटलं, यांना कोण विचारतं?

लिहिलं, "काका, आहात का?"

ते बराच वेळ काहीतरी टाइप करत होते. खोडत होते, पुन्हा करत होते.

मग आलं, "आहे रे."