अठरा सेकंदांचा आवाज

माझी बायको गेल्या वर्षी वारली. तिच्या आवाजाची एकच ध्वनिफीत उरली होती, अठरा सेकंदांची, आणि ती एका संकेतस्थळावर होती. तिथून तिला उद्देशून ईमेल आला: ‘प्रिय ग्राहक, आपण वर्षभर फिरकला नाहीत. आज सायंकाळी पाच वाजता आपला साठा पुसला जाईल. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.’

दुपारी दोनला मोबाइल घेऊन बसलो. मी सुतार. बोटे जाड.

उघडताच पाटी आली: ‘आम्ही आणि आमचे आठशे बारा भागीदार आपल्या खासगीपणाचा आदर करतो.’ बायकोला स्मशानात पोचवायलाही इतकी माणसे नव्हती. ‘मान्य’चे बटण हिरवेगार, ताटाएवढे. ‘अमान्य’ करड्यावर करडे. ते दाबले की पुन्हा पहिल्या पानावर रवानगी. चौथ्या खेपेला मी मान्य केले.

मग गादीची जाहिरात. बंद करायची फुली मोहरीएवढी, आणि बोट नेले की सरकायची. बोट गादीवर पडले. मिनिटात गादीवालीचा फोन.

“काका, सिंगल की डबल?”

“मला गादी नको.”

“घरात किती जण झोपता?”

“एकटाच.”

“मग डबलच घ्या की, ऐसपैस होईल!”

मी फोन ठेवला. तिने आणखी सहा वेळा केला.

पुढे हुकूम: ‘आपण माणूस असल्याचे सिद्ध करा. शिड्या असलेली चित्रे निवडा.’ एक चित्र मी सोडले. ती घोडी होती, भिंतीला न टेकता चार पायांवर उभी राहणारी. तीस वर्षे मी दोन्ही बनवतो आहे. उत्तर आले, ‘आपण यंत्र आहात.’ अकराव्यांदा मी घोडीला शिडी म्हणालो आणि माणसांत आलो.

पाचला चार मिनिटे कमी. शेवटी सत्तेचाळीस पानी अटी आणि खाली ‘वाचले, समजले, मान्य’. दाबले. फीत मोबाइलवर उतरली.

“अहो, कडी-कुलूप लावून दार नीट लावलंत का? नुसतं हो म्हणू नका. उठून बघा बरं.”

मी उठून बघितले. लावलेले होते.

आठवड्याने मुलीचा फोन.

“बाबा, आई कुलपाच्या जाहिरातीत बोलतेय!”

“कोणाची आई?”

“कोणाची काय, माझी! तुम्ही काय दाबलंत?”

“मान्य.”

“न वाचता?”

“तू वाचतेस?”



मी मदतकक्षाला लिहिले. उत्तर तत्काळ आले: ‘आवाज मागे घेण्याचा अर्ज आवाजाच्या मालकिणीनेच, स्वतःच्या आवाजात करावा. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’

आता ती जाहिरात सगळीकडे असते. गाण्याआधी, बातमीआधी एक बाई दाराबद्दल विचारते. तुम्हालाही लागली असेल. तिचे पहिले वाक्य सहा सेकंदांचे आहे. पाचव्या सेकंदाला ‘वगळा’ येते. तुमचे बोट आधीच तिथे असते.