राक्षस न बघितलेला कंडक्टर

घाडीच्या दाराच्या चौकटीला एक पितळी घंटी बांधलेली आहे. तिची दोरी आत त्याच्या खुर्चीपर्यंत जाते. दुपारचा चहा झाला की घाडी खुर्चीत बसतो, चष्मा लेंग्याला पुसतो आणि दोरी दोनदा ओढतो. टण टण. मग ओरडतो, "चला! पुढे सरका! दारात गर्दी करू नका!"

खोलीत तो एकटाच असतो.

नवीन माणसाला वाटेल, म्हातारा गेला कामातून. मलाही तेच वाटायचं. मी तोंडावर बोललोही तसं.

घाडी जन्मभर बसचा कंडक्टर. मूळचा मालवणकडचा. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "सुट्टे नव्हते." मी फोर्टातल्या एका हापिसात लिफ्टमन होतो. तो मला नावाने कधी हाक मारत नाही. "लिफ्टमन," म्हणतो, "तू वर-खाली केलंस, मी मागे-पुढे केलं. पोचलो दोघंपण नायगावलाच."

आमची चाळ अशी, की मधून लांब बोळ आणि दोन्ही अंगाला खोल्या. दारासमोर दार. माझ्या दारासमोर घाडीचं. आता निम्म्या दारांना कुलपं आहेत, चाळ पाडायची म्हणून माणसं ट्रान्झिट कॅम्पात गेली. बोळात कोण खोकलं तरी कळतं कोण ते. अशा बोळात हा घंटी वाजवतो.

त्याच्या भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मामाच्या गळ्यात मारला. त्यात एक खेळ होता. मी चौथी शिकलेला माणूस, मला समजलं तेवढं सांगतो. पाच माणसं पाच गावांतून आपापल्या घरी बसतात आणि खेळात एकत्र जमून एका तळघरात शिरतात. तळघरात राक्षस. एक जण पुढे उभा राहून मार खातो, तिघं राक्षसाला मारतात, आणि पाचवा सगळ्यांच्या मागे राहून जखमी माणसाला बरं करतो. घाडी तो पाचवा. पडद्याच्या कडेला पाच हिरव्या पट्ट्या असतात. मार लागला की पट्टी कमी होते, लाल होते, संपली की माणूस मेला. घाडीने औषध मारलं की परत भरते.

पुढे मार खाणाऱ्याला घाडी 'मोठा' म्हणतो. नाशिककडचा कोणीतरी, आवाज डब्यातून आल्यासारखा. सगळ्यात हडकुळा तो 'धाकटा', फुंकर मारली तरी मरतो. हा धाकटा म्हणजे कोल्हापूरकडची एक बाई, दोन पोरांची आई. घाडीला हे सांगून झालं, तरी तो 'अरे धाकट्या'च म्हणतो. बाकी दोघं ते 'मधले'. कानाला लावायचं यंत्र त्याला चालत नाही, घाम येतो म्हणतो. म्हणून सगळ्यांचे आवाज बाहेर, बोळभर.

"अरे मोठ्या, खंय पळतंस रे? एक माणूस राहिलाय मागे!"

"काका, तुम्ही या ना पटकन."

"पटकन काय? माणूस चढल्याशिवाय डबल बेल देणार नाही मी. थांब तिथेच!"

त्याची औषधाची शक्ती संपली की ओरडतो, "सुट्टे संपले! कोणी मार खाऊ नका!" ते चौघं खरंच मागे सरतात.

आणि पाणी. आमच्याकडे पाणी येतं त्याच वेळेला यांची लढाई रंगात. घाडी एकदा घंटी वाजवतो. टण. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्याने त्यांना पढवून ठेवलंय. मग ते तळघरात जागच्या जागी उभे, आणि हा बादल्या घेऊन नळावर. आता तर लढाईआधी मोठाच विचारतो, "काका, पाणी येऊन गेलं का?" नाशिकच्या माणसाला नायगावच्या नळाची वेळ पाठ!

मी एकदा दारातून बघितलं, पडद्यावर केवढा तो राक्षस. शिंगं काय, आग काय. मी म्हटलं, "घाडी, तोंड बघ त्याचं."

"असेल," तो म्हणाला. "मी बघितला नाही."

"रोज मारतोस ना त्याला?"

"अरे मेल्या, कंडक्टरने रस्ता बघायचा नसतो. माणसं बघायची." त्याची नजर त्या पाच पट्ट्यांवरून हलली नाही.

आणखी एक वेड. त्याचं टेबल दाराच्या तोंडाशी, तिरकं. पडद्याचं तोंड बोळाकडे, आणि हा बाजूला मान वाकडी करून बसतो. मानेला बाम लावतो, पण टेबल सरळ करत नाही. तो उजेड माझ्या खोलीत येतो. मी किती वेळा बोललो, "टेबल हलव." तो म्हणतो, "हलवतो." हलवत नाही.

माझी बायको गेली तेव्हापासून मला तो उजेड नको झाला आणि ती घंटीही. मी दार लावून घ्यायला लागलो. ती वर्षभर खाटेवर होती. खाट दारासमोरच, वारा यावा म्हणून. मी रिटायर झाल्यावर परळला एका टॉवरखाली वॉचमन, दिवसपाळी. औषधं फुकट येत नाहीत. सकाळी तिचं करून जायचो, संध्याकाळी यायचो. दुपारभर ती एकटी. विचारलं तर म्हणायची, "जातो वेळ." आता नोकरी सोडली, आणि दुपार आली की मला तेच सुचतं, ही पडल्या पडल्या काय बघत असेल. छत? त्या खाटेवर मी बसत नाही. जमिनीवर बसतो. जेवण करतो, पण ते पोटात जातं एवढंच.

घाडी अधूनमधून दार ठोकायचा. "लिफ्टमन, दार उघडं ठेव रे. वारा येतो."

"मला वारा नको."

मग जायचा.

मधल्या काळात त्याचं बिघडलं होतं. दार बंद असलं तरी ऐकू यायचं. "धाकटा मेला." परत. "काका, धाकटा परत मेला." रोज तेच. आधी हसायचे, मग हसणं थांबलं. एक दिवस मोठा सरळ बोलला. "काका, राग नका धरू. उद्या शेवटचं बघू. नाही जमलं तर आम्ही दुसरा माणूस घेतो. तुम्ही या नुसते गप्पा मारायला."

घाडी म्हणाला, "बरोबर आहे. गाडी खोळंबायला नको." त्या दिवशी तो पाणी भरायलाही उठला नाही. त्याच्या दोन बादल्या मीच भरल्या, दारात ठेवल्या. त्याला ते चौघं सोडून कोण आहे? भाचा दिवाळीला फोन करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच दार उघडलं आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. बघावं तरी म्हटलं, हा करतो काय.

टण टण. शिरले आत. मारामारी सुरू. आणि मला पहिल्या झटक्यात दिसलं. हा औषध रांगेने देत होता! मोठ्याला दिलं, पहिल्या मधल्याला दिलं, दुसऱ्या मधल्याला दिलं, मग स्वतःला, मग धाकट्याला. ज्याची पट्टी भरलेली त्यालाही. बसमध्ये एका टोकाकडून तिकिटं फाडत जावं तसं. धाकट्याचा नंबर येईपर्यंत धाकटा आडवा.

मला राहवेना. "अरे गाढवा, रांगेने काय देतोस? ज्याला लागलंय त्याला आधी दे!"

घाडीचा हात थांबला. तिकडे पाचही जण मेले. हा माझ्याकडे वळून बघत राहिला.

"वहिनी हेच बोलायच्या," तो म्हणाला. "हेच. अहो भाऊजी, रांगेने काय देता, ज्याला लागलंय त्याला द्या आधी."

"कोण वहिनी?"

"किती वहिनी आहेत रे मला?"

मग बोलला सगळं, पडद्याकडे बघत. पहिल्यांदा तो खेळात तलवारवाला होता. दुपारी दार उघडं, ती समोर खाटेवर. एकदा तिने तिथूनच विचारलं, "भाऊजी, नुसती मारामारीच आहे का त्याच्यात? बरं करणारा कोणी नाही का?" घाडीने शोधलं. होता. दुसऱ्या दिवशी तलवार टाकली आणि टेबल तिरकं केलं. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण लाल-हिरवं कळायचं. ती खाटेवरून ओरडायची, "धाकटा! भाऊजी, धाकटा बघा!" आणि हा बटण दाबायचा.

"मला कसं नाही सांगितलं?"

"नको म्हणाल्या. ह्यांना कळलं तर म्हणतील, आजारी बाई राक्षस बघत बसते." मग म्हणाला, "हसायच्या रे. पार खोकला लागेपर्यंत."

मला दुपारभर छतच दिसत होतं इतके दिवस.

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून कोल्हापूरची बाई बोलली, "काका, कोण आहे तिथं? काकू आल्या का गावाहून?"

घाडीने माझ्याकडे बघितलं. ती गेल्याचं त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं, गावाला गेली म्हणून ठेवलं होतं.

मला फिरवून बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी तिचा नवरा. ती गावाला नाही गेली. वारली ती. गणपतीच्या आधी."

तोपर्यंत पडद्यावर चौघं परत जिवंत होऊन तळघराच्या तोंडाशी आले होते. नळाला पाणी नव्हतं, घंटी वाजली नव्हती, तरी जागच्या जागी उभे राहिले. घाडीचा खेळातला माणूसही त्यांच्या मागे उभा.

मग मोठा म्हणाला, "काका, आणखी एकदा जाऊया?"

घाडीला दोरी सापडेना. चष्मा हातात होता.

मी बोळ ओलांडून माझ्या खोलीत आलो. खाटेवर बसलो. मग ती टेकायची तशी उशी पाठीशी घेतली. तिथून पाचही पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या, मधे काही आड येत नव्हतं.

"घाडी," मी ओरडलो, "डबल दे."

टण टण.

त्या दिवशीही राक्षस पडला नाही. मोठा पडायला आला होता, मी दुसरीकडेच बघत होतो, मला एकदम सगळं कुठे दिसतंय. पण धाकटा शेवटपर्यंत उभा होता. "धाकटा! अरे धाकटा!" करून माझा घसा बसला. मग मोठा पडला, ते सगळे पडले, आणि ती बाई हसायला लागली. मोठा म्हणाला, "उद्या याच वेळेला, काका. आधी पाणी भरून घ्या." दुसऱ्या माणसाचं नाव कोणी काढलं नाही.

घाडी बोळात आला. मान चोळत होता. टेबलाच्या कडेला हात लावून म्हणाला, "लिफ्टमन, तुला उजेडाचा त्रास होतो ना. सरळ करू काय आता?"

"राहू दे," मी म्हटलं. "इथून नीट दिसतं."