फोरमन सदाशिवांची भुयारी पाळी

सदाशिव परब यांनी मुळगावच्या खाणीवर सव्वीस वर्षे फोरमनकी केली, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांच्या पाळीतील एकही मनुष्य दगावला नाही. खाण बंद पडल्यानंतर अभिमानाने सांगण्याजोगी हीच एक गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती. अशा समयी त्यांची कन्या श्रद्धा रजेवर घरी आली आणि तिने भूगर्भात किल्ला उभारण्याचा एक संगणकीय खेळ त्यांच्यापुढे मांडला.

"बाबा, हे सात बुटके. तेंका जमिनीखाली किल्लो बांधूचो आसा. दोन दिस मी कठीण जागा शोधतंय."

"कठीण म्हणजे कशी?"

"वर पाण्याचे दोन थर, खाली गुहा, आणि तळाक आगीचो रस."

सदाशिवांनी चष्मा पुसला व नकाशावर बोट फिरवीत तीन जागा नापसंत केल्या. "हयसर पाणीच नाय. हयसर तर शाळेतली पोरांय खणतीत." चौथ्या जागेवर मात्र त्यांचे बोट स्थिरावले. "ही खरी खाण!"

परंतु बिननावाच्या माणसांस हुकूम सोडणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. त्यांनी सातही बुटक्यांस जुन्या पाळीतील सोबत्यांची नावे दिली. पंपावर अर्थातच बाबाजी. कारण शेजारचे बाबाजी नाईक म्हणजे खाणीवरील पंपाचे निष्णात गृहस्थ. शिवाय भूमीच्या राखणदार देवास विचारल्यावाचून भूमीस कुदळ कशी लावावी? त्यांनी लॅपटॉपपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आज ही सात माणसा जमिनीच्या पोटात उतारतत. बाबाजी पंपार रवतलो. तेंच्यार नजर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून पत्नी ताराबाईंनी सवयीने साथ दिली. बंद खाणीचे काम पुन्हा सुरू झाले, असा त्यांचा ग्रह झाला. पतीच्या मुखावर कित्येक वर्षांनी तेज आले होते, म्हणून त्यांनी अधिक चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धा डिचोलीच्या बाजारात गेली. खेळास हात लावू नये असे तिने बजावले होते. परंतु अर्धवट काम पाहून सदाशिवांस राहवले नाही. त्यांनी हातभरच खणून पाहिले, आणि पाण्याचा थर फुटला. सहा बुटके निसटले, सातवा आतच राहिला. सदाशिवांनी लेकीस फोन लावला.

"श्रद्धा! पाणी फुटला गो! सगळे भायर इले, बाबाजी आत अडाकलो! गळ्याक पाणी लागला!"

"बाबा, खालची लांब कळ दाब. सगळा थांबतला. मी येतंय."

कळ दाबताच पाणी जागच्या जागी थिजले. अंगणात कपडे वाळत घालताना फोनवरचे बोलणे ऐकलेल्या ताराबाई मात्र थांबल्या नाहीत. त्या तडक शेजारी पोहोचल्या.

"विनोदिनी गो! तुझो घोव खाणीत अडाकलो! गळ्याक पाणी लागला!"

"अरे देवा! म्हणान तो सकाळपासून घराक नाय!"

बाबाजींच्या पत्नीचा तो आक्रोश ऐकून अर्धा वाडा दोर, शिडी आणि टायरची ट्यूब घेऊन जुन्या खाणीकडे धावला. खंदकातील हिरवे पाणी अगदी निश्चल होते. ती निश्चलता पाहून धीराच्या माणसांचाही धीर सुटला. इतक्यात गर्दी सारीत एक घामाघूम गृहस्थ पुढे आला.

"कोण पडलो? सरा, सरा! पाण्याचा काम माका विचारा!"

त्याने कमरेस दोर बांधलासुद्धा. तेव्हा विनोदिनीबाईंनी मान वर केली आणि त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"तू हय? मगे आत कोण आसा?"

"ताच मी विचारतंय!" बाबाजी म्हणाले.

सारा लवाजमा सदाशिवांच्या ओटीवर आला. श्रद्धाही पोहोचली होती. सर्व प्रकार उघड झाला, तरी कोणी हसले नाही. कारण सदाशिव खाली मान घालून बसले होते. "सव्वीस वर्सांत एक माणूस गमावलंय नाय," ते म्हणाले. "आज गमावतंय."

"पाणी वर चडतला. मदी भिंत घातली तर बाकीचे सहा वाचतत," श्रद्धा हळूच म्हणाली.

बाबाजींनी पडद्यात निरखून पाहिले. "ह्यो मी? दाढी बरी दिसता. घाल भिंत, फोरमन. सहा माणसा मोठी."

"हात लावून बघ!" विनोदिनीबाई श्रद्धावर कडाडल्या. "माझ्या घोवाक भिंतीत चिणतास? सदाशिवभाऊ, तेका भायर काढा!"

आता बाबाजींस गांभीर्य आले. "फोरमन, खाली गुहा आसा मां? मगे पाणी वर उपसूची गरज काय? तळाक भोक मार. आपसूक उतारतला."

श्रद्धाने सहा बुटक्यांस खालच्या बाजूने खणावयास लावले आणि लांब कळ दाबली. पाणी गळ्यावरून छातीस आले, छातीवरून गुडघ्यास. सदाशिवांचे ओठ हलत होते. अखेरीस भिजलेला बुटका पायऱ्या चढून वर आला, आणि सर्वांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सदाशिवांनी चष्मा काढून डोळ्यांस पंचा लावला.

बुटक्याने सोबत्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो तरातरा एका कोठारात शिरला.

"आता खय गेलो तो?" विनोदिनीबाईंनी विचारले.

"दारूच्या पिंपाकडे," श्रद्धा संकोचून म्हणाली.

विनोदिनीबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या पतीस क्षणभर नखशिखान्त न्याहाळले.

"आता पटला माका," त्या म्हणाल्या, "तोच."