सीलचा चौथा अर्थ

दुपारी दोन वाजता उगम जेवून जागेवर आला, तेव्हा टेबलावर संपादकबाईंची चिठ्ठी होती: ‘कार्डांच्या खोलीला आजच्या आज सील लाव. चार वाजता पाहुण्यांना घेऊन येते.’

उगम हे त्याचं खरं नाव नव्हतं. इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करणाऱ्या त्या तीन खोल्यांच्या कार्यालयात तो सहायक होता, आणि कुणी काही बोललं की त्यातल्या शब्दाचा उगम सांगायचा. पेन मागितलं तरी आधी ‘पेन’ हा शब्द पिसापासून कसा आला ते ऐकावं लागे. पेन नंतर, राहिलं असेल तर. अशा माणसाला नाव पटकन मिळतं, नोकरी मिळत नाही. त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. ते आज संपत होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, याचं पत्र बाईंच्या पर्समध्ये तयार होतं.

म्हणून चिठ्ठी त्याने परीक्षेच्या पेपरासारखी वाचली. पेपर सोपा होता. ‘सील’चं कार्ड कालच त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. एक, शिक्का. दोन, शिक्का मारून बंद करणे. तीन, समुद्रात राहणारा एक मिशीवाला प्राणी. पहिले दोन लॅटिनमधले, ‘छोटी खूण’ अशा अर्थाच्या शब्दापासून आलेले. तिसरा जुन्या इंग्रजीतला, त्याचं या दोघांशी काही नातं नाही. दाराला प्राणी लावता येत नाही. नुसता शिक्का मारण्यात काही अर्थ नाही. म्हणजे दुसरा अर्थ.

हा सगळा विचार त्याने टेबलाखालच्या एका खाकी पुडक्यावर पाय ठेवून केला. पुडकं सकाळपासून तिथे होतं. मऊ होतं.

मग तो कामाला लागला. कार्डांच्या खोलीला खिडकी नव्हती आणि दिव्याचं बटण बाहेर होतं. त्याने दिवा घालवला, दार ओढलं, कडी घातली, कडीवर कागदाची पट्टी चिकटवली. पार्सलांसाठी ठेवलेली लाल लाख वितळवली. थोडी पट्टीवर पडली, बरीचशी बुटावर. तिच्यावर कार्यालयाचा गोल शिक्का दाबला. शेवटी जाड अक्षरात नोटीस लावली: ‘ही खोली सील करण्यात आली आहे. सील तोडणाऱ्यावर कारवाई होईल.’ खाली सही केली. काम इतकं सुबक झालं होतं की तो दोन पावलं मागे सरून बघत राहिला.

“दिवा कुणी घालवला रे?” दाराने विचारलं.

दार नव्हे, मुद्रितशोधक काका. जेवण झालं की ते कार्डांच्या खोलीत, कपाटांच्या आड, प्रुफं वाचायला जात. वाचताना घोरत.

“काका, तुम्ही आत आहात?”

“नाही, मी घरी आहे. दार उघड.”

“उघडता येत नाही. सील केलंय.”

“कुणी?”

“मी.”

“मग तोड.”

“तोडणाऱ्यावर कारवाई होईल.”

“कोण करणार?”

उगमने नोटिशीखालची सही पाहिली. “मीच.”

“मग कर की. घरचीच कारवाई, जरा हलक्या हाताने कर.”

“आज नको, काका. आज माझं पत्र मिळायचंय. बाईंनी लेखी सांगितलेलं काम मी दहा मिनिटांत मोडलं, तर काय तोंड दाखवू? चारपर्यंत कळ काढा. तुमचं काय, तुम्ही तर कायमच आहात.”

“कायम आत राहायचं ठरलं नव्हतं.”

उगमने बाईंना तीनदा फोन केला. बाईंनी तो तीनदा कापला, म्हणजे पाहुणे सोबत होते. त्याने दिवा लावून दिला. काकांनी चहा मागितला. त्याने बशीत ओतून दाराखालून सरकवला.

“बरं झालं, फट मोठी आहे,” तो म्हणाला.

“बरं कसलं? इथूनच तर धूळ येते आत. बाई महिनाभर डोकं खातायत.”

एखाद्या हुशार माणसाला यावरून काहीतरी सुचलं असतं. उगमने बिस्किटं सरकवली.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीचं विचारायला घरमालकीण वर आल्या. त्यांनी नोटीस वाचली, शिक्का पाहिला, लाख पाहिली आणि टाकी विसरल्या.

“माझ्या घराला सील? कुणी ठोकलं?”

“मावशी, घराला नाही, एका खोलीला.”

“आज खोली, उद्या घर. आणि आत कोण खोकतंय?”

“काका आहेत.”

“माणसासकट सील करतात हल्ली?” एवढं म्हणून त्या जिना उतरल्या, त्या थेट खालच्या दंतवैद्याकडे सांगायला. दंतवैद्याने हातातलं काम टाकलं. ज्याच्या तोंडात ते काम चाललं होतं, तोही मागोमाग वर आला आणि गालात कापूस घेऊन काहीतरी विचारू लागला. तो काय विचारतो ते कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला उगमकडे पाठवलं.

चार वाजता बाई आल्या तेव्हा जिन्यात सात माणसं होती. सोबत एका जुन्या ग्रंथालयाचे म्हातारे ग्रंथपाल होते. आपल्याकडची साठ वर्षांची शब्दकार्डं या कार्यालयाच्या हवाली करावीत की नाही, हे ते ठरवणार होते. त्यांनी चष्मा वर करून लाखेचा शिक्का न्याहाळला.

“वा,” ते म्हणाले. “कार्डांची इतकी काळजी मी कुठे पाहिली नाही. यातून धूळसुद्धा आत जायची नाही.”

त्याच वेळी दाराखालून रिकामी बशी बाहेर आली. “अजून अर्धा कप मिळेल का?” आतून आवाज आला.

बाईंनी बशीकडे पाहिलं. मग फटीकडे. मग उगमकडे, बराच वेळ.

“रबर कुठाय?”

“कुठलं रबर?”

“दाराखाली लावायचं सील. खाकी पुडक्यात. तुझ्या टेबलापाशीच ठेवलं होतं.”

उगमच्या तळपायांना ते पुडकं आठवलं. “त्यालाही सील म्हणतात?”

“फ्रिजच्या दाराला असतं ते काय असतं रे?” आतून काकांनी विचारलं.

उगमला स्वतःसाठी एक शब्द सुचला. त्याचा उगम त्याला आधीच माहीत होता. अर्थ आज कळला.

कारवाईचा प्रश्न बाईंनी सोडवला. त्यांनी नोटिशीसकट पट्टी टरकावली. काका बाहेर आले, ‘सील’चं कार्ड त्यांनी आतच शोधून काढलं होतं. त्यावर लाल शाईत चौथा अर्थ लिहिला होता आणि शेजारी, समासात, ‘बैल’. तो पाचवा अर्थ नसावा.

ग्रंथपाल खोलीत फिरून आले. “कोंडलेला माणूस दोन तास टिकला, म्हणजे आमची कार्डं टिकतील,” ते म्हणाले. “तेवढी फट बुजवा.”

त्यांना निरोप देऊन आल्यावर बाईंनी पर्समधून पाकीट काढलं, त्यावर लाखेचा थेंब पाडला, शिक्का दाबला आणि ते काकांच्या हातात दिलं. “हा पहिला अर्थ आणि दुसराही. चौथा लावून झाला की याला द्या.” आणि त्या घरी गेल्या.

उगमने दोन तास गुडघ्यांवर बसून रबरी पट्टी ठोकली. ती दाराला आतून लावायची होती, म्हणून तो आत बसला. काम चोख व्हावं म्हणून त्याने पट्टी दुहेरी घेतली. मग दार जोर लावून मिटलं आणि दिवा घालवायला काकांना सांगितलं. बाहेरच्या उजेडाची रेघसुद्धा आत येत नव्हती. सहा महिन्यांत त्याच्या हातून झालेलं हे पहिलं निर्दोष काम होतं.

मग त्याने दार ओढलं. दार हललं नाही. पाय टेकून ओढलं. रबराने जमीन घट्ट धरली होती.

“काका, दार अडकलंय. बाहेरून ढकला.”

बाहेरून धक्का बसला. “नाही बुवा. सुतार बोलवावा लागेल. बस जरा.”

“मग पत्र तरी सरकवा.”

“कुठून?”

उगमने अंधारात फट चाचपली. फट नव्हती.

“बरं, तुम्ही उघडून वाचून दाखवा. कायम केलंय का, एवढंच सांगा.”

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कपात चहा ओतल्याचा.

“दाखवलं असतं रे,” काका म्हणाले. “पण याला सील आहे.”