एक माणूस, एक कार्ड

१९६२ साली अमरावतीत डॉक्टर केशवरावांच्या दवाखान्याला शिस्त लावली ती मी! मी वसंतराव, तिथला कंपाउंडर. त्याआधी डॉक्टर नाडी धरून आधी कपाशीची चौकशी करायचे, मग पोटाची. एका पेशंटला अर्धा तास! मी कार्डं छापून घेतली. पेशंटने सांगायचं, मी लिहायचं, डॉक्टरांनी वाचायचं. एक माणूस, एक कार्ड!

पंधरा दिवसांत डॉक्टर असे तयार झाले, की भटजी जसा पोथीत बघतो, नवरीकडे नाही, तसे ते कार्डातच बघू लागले.

मग बाजाराच्या दिवशी भातकुलीहून मनकर्णाबाई आल्या. आमच्याकडे बाजाराला निघालेला माणूस अख्ख्या घराचे आजार सोबत नेतो, हे मला ठाऊक होतं. पण बाकीची मंडळी गैरहजर! त्यांची कार्डं काढायची कशी? नियम म्हणजे नियम. जो हजर, त्याच्याच कार्डावर सगळं.

"लवकर लिव्ह बाप्पा, तीनची मोटर हाय. सुनेले पाचवा महिना, ओकून ओकून अर्धी झाली. तिचं औषध पयले दे!"

"पुढे?"

"बुढ्याले खोकला. नातवाले जंत. अन् बैल लंगडून राहिला."

आजार तेवढे लिहिले; कोणाचा कुठला, त्याला कार्डात रकानाच नव्हता. डॉक्टरांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"पाचवा महिना?"

"हो जी."

"वय साठ?"

"असन बाप्पा."

"आणि लंगडणं कधीपासून?"

"पोयाच्या सणापासून. नाल निसटली जी."

डॉक्टरांचा पेन गळून पडला. "नाळ निसटली? वसंतराव, टांगा बोलवा! यांना मोठ्या दवाखान्यात भरती करा!"

"मले? काहून? सून तिकडं ओकून राहिली, अन् मी इथं भरती होऊ?" मनकर्णाबाईंनी कार्डावर पंजाच ठेवला. "डाक्टर, इकडं पाहा! मी दिसतो काय पाचव्या महिन्याची?"

डॉक्टरांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा पेशंट पाहिला! खो खो हसले. स्वतः उठून आधी सुनेची बाटली भरली. ती देताना जुन्या सवयीने बाईंची नाडी धरली, आणि हसू मावळलं.

"मनकर्णाबाई, अंग तापलंय की तुमचं! सांगितलं का नाही?"

"कोनी इचारलं?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी तत्परतेने कार्ड उचललं, टाक बुडवला... आणि तसाच थांबलो.

बाईंच्या कार्डावर बाईंपुरती जागाच उरली नव्हती!